बादलीचे बूट

हंस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय काय येतं! शुभ्र, शांत, मान वेळावत पाण्यावरून चाललेलं, दूध आणि पाणी वेगळं करणारं काहीतरी. हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांना हंस कधी चावला नसावा. जुन्या किल्ल्याच्या खंदकात नऊ हंस आहेत आणि त्यांतल्या एकालाही दूध-पाणी वेगळं करता येत नाही. बूट आणि बुटाची नाडी मात्र ते एका झटक्यात वेगळी करतात. हे तिथले राखणदार हंसकाका सांगतात आणि पुरावा म्हणून पाय पुढे करतात. सव्वीस वर्षांत त्यांच्या एकाही बुटाची नाडी टिकलेली नाही. ते बूट सुतळीने बांधतात.

काका मूळचे गवंडी. तटाला भेग पडली होती म्हणून आठ दिवसांच्या कामाला आले. पहिल्याच दिवशी खंदकात उतरले आणि तेव्हाच्या म्होरक्या हंसाने त्यांच्या पोटरीचा कडकडून चावा घेतला. दुसरा कोणी असता तर हातातली थापी फेकून मारली असती. काका मटकन खाली बसले, पोटरी चोळली आणि त्याला म्हणाले, "घर तुझं आहे, मान्य. मला भिंत तेवढी बांधू दे." हंसाला त्यातलं काय समजलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून तो काकांच्या शेजारी ठाण मांडून बसला आणि एखाद्या मुकादमासारखा त्यांचं काम बघू लागला. हंसांचा तेव्हाचा राखणदार म्हातारा झाला होता, चाव्यांना कंटाळलाही होता. त्याने हे पाहिलं आणि किल्ल्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "माणूस सापडला." भिंत आठ दिवसांत झाली. काका राहिले ते राहिलेच.

हंस किल्ल्यावर का, याची एक गोष्ट आहे. फार पूर्वी शत्रू अंधारात तटावर चढत होता, पहारेकरी घोरत होते, आणि हंसांनी कलकलाट करून किल्ला वाचवला. चढणारे शत्रू किती, हे मात्र ठरलेलं नाही. वाटाड्या सकाळच्या पाहुण्यांना दोनशे सांगतो आणि दुपारी, जेवण झाल्यावर, पाचशे. पण तेव्हापासून खंदक हंसांवाचून राहिलेला नाही एवढं खरं.

किल्ल्यापासून दोन गल्ल्या सोडून काकांचं घर. पुढच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन, मागे छोटं परसू, परसात खुराडं आणि खुराड्यात पाच कोंबड्या. या कोंबड्या काकूंच्या. काकांनी त्यांच्यात नाक खुपसायचं नाही, असा घरचा कायदा. त्यातल्या लालीला कायदा लागू नव्हता. ती सरळ घरात यायची, मशीनखाली चिंध्यांची टोपली असे तिच्यात बसायची आणि काकूंचं मशीन चालू असताना, त्या खडखडाटात, निवांत अंडं घालायची. काकू म्हणायच्या, "हिला माझ्या मशीनचा आवाज लागतो. तुम्हाला तर माझा आवाजही सोसत नाही."

असं सगळं छान चाललेलं असताना बर्ड फ्लू आला.

आधी तो बातम्यांत होता, तेव्हा लांब होता. मग नदीकाठच्या गावात आला, आणि एका सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई कागदांचा गठ्ठा घेऊन साहेबांच्या कचेरीत आल्या. वयाने काकांच्या मुलीसारख्या, बोलायला गोड, पण शब्दाला पक्क्या. त्यांनी काकांना समोर बसवून सांगितलं.

"काका, थंडीत खंदकात रानबदकं उतरतात ना? रोग त्यांच्यातून येतो. त्यांच्या विष्ठेतून, पिसांतून, त्या पाण्यातून. तुमचे हंस आजपासून आत."

"आत म्हणजे कुठे? ते खंदकात जन्मलेत हो."

"घोड्यांच्या जुन्या पागेत. आणि अजून एक सांगते, ते नीट ऐका. एका हंसाला जरी रोग लागला, तरी नऊही मारावे लागतील. त्यात मला काही करता येणार नाही."

काकांनी विचारलं, "म्हातारीसुद्धा?" म्हातारी म्हणजे कळपातली सगळ्यांत जुनी मादी. एका डोळ्याने अधू. काका आले त्या वर्षी ती अंड्यातून निघाली होती. "म्हातारीसुद्धा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग नियम आले. पागेच्या प्रत्येक खिडकीला बारीक जाळी. दाराशी औषधाच्या पाण्याचं पसरट घमेलं. बाहेरचे बूट बाहेर, आतले बूट आत, आणि आत जाताना आतल्या बुटांसकट त्या घमेल्यात पाय बुडवायचे. कपडे वेगळे. हात कोपरापर्यंत धुवायचे. आणि शेवटचा नियम असा की हंसांना हात लावणाऱ्याने घरच्या कोंबड्या-कबुतरांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

काका घरी गेले ते परसाच्या बाहेरच, रस्त्यावर उभे राहिले. काकूंना तिथूनच सांगितलं. कोंबड्या काढून टाक, असं म्हणणं त्यांच्या जिभेवर आलं नाही असं नाही. पण लाली दारात आली, मान वाकडी करून त्यांच्याकडे बघू लागली, आणि तो विषय त्यांनी काढलाच नाही.

"मी किल्ल्यावरच राहतो," ते म्हणाले. "फाटकाशेजारी पहारेकऱ्याची खोली आहे. सहा आठवड्यांचा प्रश्न आहे."

काकूंनी विचारलं, "जेवणाचं काय?"

"करीन काहीतरी."

"तुम्ही? तुम्ही चहा करता तेव्हा भांडं घासायला माझा अर्धा दिवस जातो. डबा आणीन मी."

त्या खोलीत एक लोखंडी खाट, एक कोनाडा आणि पावाच्या लादीएवढी खिडकी होती. काकांनी तिथे बस्तान मांडलं. पण त्याआधी हंसांना पागेत न्यायचं होतं, आणि तो सोहळा बघायला किल्ल्यातली सगळी माणसं सुरक्षित अंतरावर जमली होती. आठ हंस एकामागून एक मुकाट चालत गेले. नववा कोतवाल. तो सध्याचा म्होरक्या. त्याने साहेबांच्या पँटचा पायचा धरला, सोडला, वाटाड्याला खंदकाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या, आणि सगळ्यांची पुरेशी करमणूक झाल्यावर आपल्या पायांनी आत गेला.

पुढचे दहा दिवस काका पुन्हा गवंडी झाले होते. पागेची एकेक फट त्यांनी शोधली. चिमणीची चोच शिरेल एवढं भोक दिसलं तरी चुना घेऊन हजर. साहेब म्हणाले, "काका, हंसांना श्वास घ्यायला तरी जागा ठेवा." काका म्हणाले, "श्वासाला जाळी आहे. रोगाला नाही ठेवणार." स्वतःच्या कामावर ते खूश होते. असा खूश माणूस दिसला की मला जरा धाकधूक वाटते.

रोज संध्याकाळी पाच वाजता काकू यायच्या. फाटकातून आत दहा पावलांवर साहेबांनी दोरी बांधून घेतली होती आणि तिच्यावर बाहेरच्या लोकांसाठी पाटी टांगली होती. काकांना आतून त्या पाटीची नुसती पाठ दिसायची, कोरं लाकूड. दोरीपाशी एक स्टूल. काकू स्टुलावर डबा ठेवून चार पावलं मागे व्हायच्या, काका पुढे येऊन डबा उचलायचे. मग तेवढ्या अंतरावरून संसार चालायचा.

"गॅस संपत आलाय."

"नोंदवून टाक. लाली बरी आहे?"

"बरी आहे. काल अंडं घातलं."

"टोपलीत?"

"तुम्हाला हंसांचं बघायला सांगितलंय ना? माझ्या कोंबड्यांचं मी बघते."

काकांना बरं वाटायचं. आपण घरी नाही, पण घर जिथल्या तिथे आहे, एवढ्याने माणसाला झोप लागते.

बाराव्या दिवशी सकाळी खंदकात एक रानबदक मेलेलं सापडलं. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून आल्या, ते पिशवीत घालून घेऊन गेल्या आणि दुपारी त्यांचा फोन आला. त्या बदकात रोग निघाला होता. काकांनी फोन ठेवला आणि पागेच्या दाराला बाहेरून हात लावून उभे राहिले. आत नऊ गळे बडबडत होते. रोग तटाच्या आत आला होता, पण पागेच्या बाहेर होता. मधे फक्त काकांनी बांधलेलं बांधकाम होतं आणि काकांनी पाळलेले नियम होते.

त्या दिवशी काकू आल्या तेव्हा काका हंसांना दाणा द्यायला निघालेच होते. कोठीतून गव्हा-मक्याची बादली घेऊन चौक ओलांडून पागेच्या दाराशी आले. एरवी दारासमोर चुन्याची हातगाडी उभी असायची. काम संपलं म्हणून ती त्याच दिवशी हलवली होती, त्यामुळे काकूंना दोरीपासून पागेचं दार प्रथमच सरळ दिसलं. काका पायरीवर बसले. बादली बाजूला जमिनीवर ठेवली. सुतळी सोडली, बाहेरचे बूट काढले, आतले बूट चढवले. औषधाच्या पाण्यात पाय बुडवले, एक, दोन, अगदी मोजून. बादली उचलली आणि आत जायला दार ढकललं.

काकूंची नजर शिंपिणीची. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाची बाही तिरकी बसलीय हे त्यांना घरात बसून दिसतं. त्या दोरीपासून ओरडल्या, "अहो! बादलीचे बूट कुठायत?"

"काय?"

"बादलीचे बूट! तुम्ही बूट बदललेत. बादली जमिनीवर टेकवलीत तिथे, बदकं हिंडतात त्या चौकात, आणि तीच आत नेऊन गवतावर टेकवणार ना? तिला कुठे बुडवलंत?"

काकांना आधी रागच आला. बारा दिवस जीव ओतून केलेल्या कामात बायकोने दोरीपलीकडून चूक काढावी, हे कुठल्या नवऱ्याला गोड लागेल? "उगाच काहीतरी..." म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि हातातल्या बादलीकडे पाहिलं. बुडाला चौकातला ओला चिखल होता. त्यात एक बारीक, करडं पीस चिकटलेलं होतं. ते हंसाचं नव्हतं.

बारा दिवस, दिवसातून दोनदा. चोवीस वेळा काकांनी बूट धुतले आणि तेवीस वेळा चौकातली घाण स्वतःच्या हाताने उचलून हंसांच्या गवतावर ठेवली. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच. आणि हा दरवाजा त्यांनी गवंडीकामाची सगळी अक्कल पणाला लावून उघडा ठेवला होता.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही चूक तीनच जणांना ठाऊक होती, त्यातली एक बादली. काका गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं, आणि सांगितलं तर हंस हातचे जाण्याची भीती होती, कामही जाण्याची होती. काकांनी बादली जिथल्या तिथे ठेवली, हात धुतले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, माझ्या हातून घोळ झालाय," एवढं म्हणून सगळं सांगितलं.

"काका, काही लपवू नका. कोणी खात नाहीये, सुस्त आहे, नाकातून पाणी, असं काही?"

"नाही. कोतवाल तर आज मला दोनदा चावला."

"चावतोय ना? चावू दे. मी निघतेच."

त्या आल्या. नऊही हंसांच्या घशातून आणि मागून कापूस गुंडाळलेल्या काड्या फिरवून नमुने घ्यायचे होते. काकांनी एकेकाला छातीशी धरलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन दिवस लागतील." मग म्हणाल्या, "चूक तुम्ही केलीत, पण सांगितलीत पण तुम्हीच. लोक सांगत नाहीत हो. मग आम्हाला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो." ही मुलगी आपल्यावर ओरडली नाही, हे काका आजही सांगतात आणि सांगताना नाक ओढतात.

त्या तीन दिवसांत काकांचा जीव टांगणीला लागला होता. बादली त्यांनी चौकाच्या कोपऱ्यात उपडी घातली होती, तिचं तोंड बघवत नव्हतं. दाणा नव्या कोऱ्या पातेल्यातून देऊ लागले. पहिल्या दिवशी सगळे बिचकतच खायला आले, म्हातारी त्यांच्यामागून चाचपडत. दुसऱ्या दिवशी म्हातारी आलीच नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिली, अधू डोळा मिटलेला, चांगला डोळा काकांवर. काकांनी लगेच फोन करून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "वाट बघू, काका." याहून वाईट वाक्य मी ऐकलेलं नाही.

पाचला काकू आल्या. काकांनी डबा उचललाच नाही. "म्हातारी खात नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे."

काकूंनी विचारलं, "काय काय बदललंत कालपासून?"

"काहीच नाही. तोच गहू, तोच मका. फक्त बादली बंद. पातेलं आहे."

"अहो, तिला दिसतंय कुठे धड? ती बादलीच्या कडीचा आवाज ऐकून येत असेल. माझी लाली नाही का, मशीन बंद असलं की टोपलीत बसत नाही? बादली धुवा. चांगली औषधात बुडवून धुवा, आत न्या आणि परत बाहेर काढूच नका."

काकांनी बादली घासली. औषधात बुडवली, उपडी करून बूड बुडवलं, वाळवली, पुन्हा बुडवली. पागेच्या आत दाराजवळच्या खांबाला, हंसांची मान पोचेल असा, एक खिळा ठोकला आणि ती त्यावर टांगली. मग अर्ध्या दारावरून दाणा तिच्यात ओतला आणि कडी एकदा वाजवली, खणकन.

म्हातारीने मान वर केली. पुन्हा कडी वाजली. ती उठली, कोतवालाला बाजूला ढकललं, आणि बादलीत मान घालून असं काही खाऊ लागली की काका तिथेच दाराला टेकून रडले. कोणी बघत नव्हतं म्हणून मनसोक्त रडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. नऊच्या नऊ निर्दोष. डॉक्टरीणबाई फोनवर हसत होत्या, साहेब कचेरीतून अनवाणीच पळत आले, आणि काकांनी त्यांना पहिलं वाक्य काय बोलावं? "साहेब, बूट कुठायत?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नियमांच्या कागदावर खाली एक ओळ वाढवली: बादली, टोपली, फावडं, जे आतलं ते आत आणि जे बाहेरचं ते बाहेर. पुढे तो कागद बाकीच्या पक्षीघरांनाही गेला म्हणतात.

सहाचे सात आठवडे झाले. रानबदकं उडून गेली, खंदक मोकळा झाला आणि पागेचं दार उघडलं. काकू त्या दिवशी पहिल्यांदा दोरी ओलांडून आत आल्या. कोतवाल पंख पसरून थेट त्यांच्या अंगावर गेला, डब्याची पिशवी हिसकली आणि खंदकात घेऊन गेला.

"अगं, आभार मानतोय तो," काका म्हणाले.

"कळलं. तुम्ही तरी वेगळ्या पद्धतीने माना."

दोघं चालत घरी निघाली. काका आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, सुतळीचे बूट हातात घेऊन चालले होते. बूट परसाबाहेर ठेवायचे, लालीला लांबूनच बघायचं, असा सगळा विचार करून आले होते. गल्लीच्या वळणावर काकू जरा मागे राहिल्या.

परसात आवाज नव्हता. खुराड्याचं दार उघडं होतं. आत चुन्याचा हात दिलेला, गवत नाही, पीस नाही. घरात मशीनखालच्या टोपलीत नुसत्या चिंध्या होत्या, व्यवस्थित घड्या घातलेल्या.

"कोंबड्या कुठायत?"

"धाकट्या बहिणीकडे," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी दिल्या. पाखरं हलवायला बंदी आली ती नंतर. तिचं खुराडं बंदिस्त आहे, सुखात आहेत."

"आणि मी रोज विचारायचो तेव्हा? लालीने अंडं घातलं म्हणून सांगायचीस ती?"

"घालायचीच. धाकटीच्या घरी घालायची. फोन करून विचारून यायचे मी. खोटं एकदाही बोलले नाही."

"पण का? मी तर तुला काढून टाक म्हटलं नव्हतं."

काकूंनी पिशवी नसलेला हात उगाच झटकला. "त्या दोरीवरची पाटी वाचलीत कधी?"

"ती बाहेरच्यांसाठी आहे."

"मग मी बाहेरचीच ना? घरी कोंबड्या, कबुतरं असतील त्यांनी फाटकाच्या आत पाऊल टाकू नये, असं लिहिलंय. साहेबांनी मला पहिल्याच दिवशी वाचून दाखवली होती. तुम्ही घरी यायचं बंद केलंत. पण मला यायचं होतं. डबा कोणी दिला असता? आणि तुम्हाला सांगितलं असतं तर लालीला परत आणायला लावलं असतंत."

काका पायरीवर बसले. काकू रोज आल्या नसत्या तर त्या दिवशी दोरीपाशी कोणी नसतं. कोणी नसतं तर बादली आणखी पाच आठवडे तशीच आत गेली असती. हा हिशोब करायला त्यांना कागद लागला नाही. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"उपकार झाले तुझे," ते म्हणाले. लग्नाच्या चौतीस वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"मला काय सांगता? घर माझं सुटलं नाही. लालीचं सुटलं. तिला सांगा."

"लाव मग फोन."

काकूंना वाटलं थट्टा आहे, पण काकांनी हात पुढे केला होता. फोन लागला. धाकटी आधी खूप हसली, मग "थांबा, धरते हं," म्हणाली आणि फोन खुराड्याजवळ नेला. पलीकडून पंखांची फडफड ऐकू आली, मग तो ओळखीचा, घशातल्या घशातला क्वॉक क्वॉक आवाज. काकांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली.

"लाली," ते म्हणाले, "मी बोलतोय." पुढे त्यांना काही बोलता येईना.

काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, आत गेल्या आणि मशीन चालू केलं. सुईत दोरा नव्हता, कापडही नव्हतं. नुसता खडखडाट. काकांनी फोन मशीनच्या दिशेने धरला आणि पलीकडे लाली बोलायची थांबून ऐकू लागली.